आई दाखवा, मग पिल्लाची किंमत सांगा

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका शित्झू जातीच्या कुत्र्याचा फोटो आला आणि त्याखाली मजकूर होता, 'मुलाला ॲलर्जी असल्यामुळे चांगल्या घरी विनामूल्य देणे आहे, सोबत पिंजरा व खाण्याची पिशवी.' गेल्याच वर्षी याच ग्रुपवर हाच कुत्रा पिल्लू असतानाचा फोटो आला होता आणि ही जात 'हायपोॲलर्जेनिक', म्हणजे ॲलर्जी न होणारी, असल्यामुळे मुलाच्या शिंकांची काळजी नाही, असे आम्हा सर्वांना सांगण्यात आले होते. सकाळी मला त्या कुटुंबाचा संताप आला होता, तो दुपारपर्यंत बराच ओसरला, कारण रात्री मुलाला नेब्युलायझर लावून बसणाऱ्या आईला कुत्रा ठेवाच असे कोणत्या तोंडाने सांगणार? ज्याने त्यांना ते आश्वासन विकले, त्याच्यावरचा राग मात्र हे लिहिता लिहिता वाढतो आहे.

असाच एक माणूस मी प्रत्यक्ष पाहिला आहे. माझ्या भाचीला कुत्रा हवा होता आणि तिला कुत्र्यांमुळे शिंका येत, म्हणून ताई आणि भाऊजींनी टॉय पूडल घ्यायचे ठरवले आणि पुण्याबाहेरच्या एका ब्रीडरकडे, म्हणजे कुत्र्यांची वेते घेऊन पिल्ले विकणाऱ्याकडे, मलाही सोबत नेले. एका टोपलीत चार पिल्ले होती, त्यातले एक थरथरत होते. मी त्यांची आई पाहायला मागितली, तेव्हा तो गृहस्थ, कचेरीतला कारकून 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे ज्या चेहऱ्याने सांगतो त्याच चेहऱ्याने म्हणाला, "आई गावाला गेलीय, मॅडम." भाऊजींना हसू आवरेना. मला तेव्हा हसू आले नाही आणि आजही येत नाही. पिल्ले नीट डोळे उघडून चालूही लागली नव्हती आणि त्यांची आई म्हणे गावाला गेली होती!

त्याच माणसाने पुढच्या वाक्यात ॲलर्जी न होण्याची हमी दिली होती. "या जातीचे केस गळत नाहीत, त्यामुळे त्रास होणारच नाही." केसांचा मुद्दा खरा आहे, पूडलचे केस सोफ्यावर फारसे सापडत नाहीत, हे मी मान्य करते. परंतु ॲलर्जी केसांची नसतेच. कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि मूत्रात काही प्रथिने असतात आणि त्यांतले 'कॅन एफ १' हे प्रमुख. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचे सूक्ष्म कण हवेत मिसळून गादीवर, पडद्यांवर आणि मुलांच्या नाकात जाऊन बसतात. अशी प्रथिने पूडलपासून रस्त्यावरच्या देशी 'इंडी'पर्यंत प्रत्येक कुत्र्याच्या अंगी असतात. २०११ साली डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील संशोधकांनी घराघरांतील धूळ तपासली, तेव्हा 'हायपोॲलर्जेनिक' म्हणवणाऱ्या जातींच्या घरांत आणि इतर घरांत फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील अभ्यासात पूडल आणि लॅब्राडूडलच्या केसांवर हे प्रथिन उलट जास्तच निघाले. यापुढे मी पुरावे देत बसणार नाही. माझ्या मित्रयादीतील मंडळींना ते लागत नाहीत आणि ज्यांना लागतात ते तरीही पिल्लूच आणतात.

लॅब्राडूडलचा जन्मच ॲलर्जी टाळण्यासाठी झाला, हे मात्र सांगायलाच हवे. ऑस्ट्रेलियातील वॉली कॉनरन यांना हवाईमधील एका अंध महिलेसाठी मार्गदर्शक कुत्रा तयार करायचा होता आणि तिच्या नवऱ्याला ॲलर्जी होती. त्यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला, पिल्लांचे केस आणि लाळ तपासणीसाठी हवाईला पाठवली, आणि त्या वेतातील तीन पिल्लांपैकी एकच त्या गृहस्थांना चालले. एकाच आईची, एकाच बापाची तीन पिल्ले, आणि त्यांतले एकच चालले! पुढे या संकराचा जो बाजार झाला तो पाहून स्वतः कॉनरन यांनीच पश्चात्ताप व्यक्त केला. मग कोणत्या आधारावर एखादा माणूस टोपलीत हात घालून 'हे घ्या, त्रास होणार नाही' असे सांगतो? जात ठरवून उपयोग नाही, तो विशिष्ट कुत्रा त्या विशिष्ट मुलाला चालतो का हे पाहावे लागते, आणि पाच आठवड्यांच्या पिल्लाच्या बाबतीत ते पाहण्याची संधी तुम्हाला कोणी देत नाही.

त्या ब्रीडरकडून परत येताना गाडीत भाची रडली. तिला ते थरथरणारे पिल्लू हवे होते आणि मावशीने प्रश्न विचारून सगळे बिघडवले असे तिचे मत होते. तिला जवळ घेऊन मी गप्प बसले, कारण आई गावाला गेली नसून कुठल्यातरी पत्र्याच्या खोलीत पुढच्या वेतासाठी ठेवलेली असणार, हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगण्याची माझी हिंमत नव्हती.

त्यानंतर ताईने, आधी करायला हवे होते ते केले. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे त्वचेची चाचणी झाली आणि भाचीचा मुख्य शत्रू घरातील धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, निघाले. कुत्र्याची प्रतिक्रिया आली, परंतु सौम्य. गाद्यांना खोळी चढल्या, जाड पडदे उतरले, आणि मग डॉक्टरांच्या संमतीने कुत्र्यांना तात्पुरते सांभाळणाऱ्या एका फॉस्टर कुटुंबाकडे जाणे सुरू झाले. तिथे सोडून दिलेली छोटी कुत्री होती. एका पूडलसारख्या दिसणाऱ्या कुत्र्याजवळ भाचीचे डोळे लाल झाले. मात्र बुंदी नावाच्या, पॉमेरेनियन आणि ल्हासा यांच्या मधल्या कुठल्यातरी वळणाच्या, भरपूर केस गळणाऱ्या प्रौढ कुत्रीजवळ ती तासन्‌तास बसली तरी काही झाले नाही. बुंदीची नसबंदी झाली होती, लसी पूर्ण होत्या, मुलांना ती घाबरत नाही हे माहीत होते, आणि ती आणखी वाढणार नाही हेही डोळ्यांना दिसत होते. पिल्लाच्या बाबतीत यांतले काहीच आधी कळत नाही. आता ती ताईकडे आहे, झोपण्याच्या खोलीत तिला प्रवेश नाही, तिची आंघोळ वेळच्या वेळी होते, आणि भाची कधीमधी शिंकते.

'सगळेच ब्रीडर तसे नसतात' हे सांगायला कोणीतरी येईलच. नसतात, मान्य. जे घरात वाढलेली आई समोर आणतात आणि तुमच्या दुप्पट प्रश्न तुम्हालाच विचारतात, असे मोजके लोक आहेत. कुत्र्यांची सुटका करणारे काही कार्यकर्ते दत्तक घेणाऱ्याशी इतके उद्धटपणे बोलतात की माणूस निमूटपणे पेट शॉपचा रस्ता धरतो, हेही मी पाहिले आहे. आणि तीव्र दमा असलेल्या मुलाच्या घरात कोणताच कुत्रा नको, ना विकतचा ना दत्तक.

परंतु गावाला गेलेल्या आईचे काय? २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, मादीला दीड वर्षाच्या आधी आणि आठ वर्षांनंतर वेतासाठी वापरता येत नाही, वर्षाला एकापेक्षा जास्त आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत घेता येत नाहीत. कागदावर सगळे आहे. ते अमलात यायला कोणीतरी आई पाहायला मागितली पाहिजे, आणि आपण मात्र चाळीस हजार मोजताना पिल्लाच्या नाकाचा फोटो काढत असतो. साडी घेताना पदर उलगडून पाहणारी आपली माणसे इथे एक प्रश्न विचारत नाहीत, याची मला खरोखर चीड येते.

तेव्हा 'लहान आणि ॲलर्जी न होणारी जात कोणती' असे मला इनबॉक्समध्ये विचारू नये. आधी मुलाच्या चाचणीचा अहवाल घ्या. तो घेऊन आलात तर पुण्यातल्या दोन-तीन फॉस्टर कुटुंबांशी मी स्वतः गाठ घालून देईन, रविवारी सकाळी सोबतही येईन. ब्रीडरकडेच जायचे असेल तरी येईन, पण आई घरी असेल त्या दिवशी.