आत्या बसली की गाडी बसते

आमची गाडी चौदा वर्षांची. ती मागून बसायला लागलीय हे मला माहीत होतं, पण मान्य करायला आत्या यावी लागली. उज्जैनहून आली ती मांडीवर लोणच्याची बरणी आणि डिकीत सहा डबे घेऊन. इंदूरला आमच्या लोकमान्य नगराच्या वळणावर स्पीडब्रेकर आला आणि गाडीचं पोट असं खरवडलं की बरणी आत्याच्या हनुवटीला लागली.

"माझ्यामुळे का रे?"

या प्रश्नाला आजवर कुठल्याही भाच्याने खरं उत्तर दिलेलं नाही. "छे गं, ब्रेकरच वाईट आहे." हे अगदीच खोटं नव्हतं. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने ब्रेकर दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे चांगला ऐसपैस उतरता हवा. आमचा म्हणजे उरलेल्या सिमेंटची घमेली कुणीतरी रस्त्यात पालथी केलेली.

शेजारचे काका इथल्याच जीएसआयटीएस कॉलेजचे जुने इंजिनियर. त्यांनी डिकीवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली आणि सोडली. शॉकअप धड असेल तर गाडी एकदा वर येते आणि गप्प बसते. आमची गरब्यातल्यासारखी हलत राहिली. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "वजन पेलते ती स्प्रिंग. तिचा नाच थांबवतो तो शॉकअप. तुझी स्प्रिंग थकलीय आणि शॉकअप वारलाय."

मेकॅनिककडे दिली असती तर दुपारपर्यंत काम झालं असतं. पण मी चार व्हिडिओ पाहिले होते. बायको म्हणाली, "अहो, मागल्या वर्षी गिझर उघडलात, तो अजून माळ्यावर उघडाच आहे." मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पार्टवाल्याकडे जाऊन मी काटकसरीने एकच शॉकअप मागितला. तो हसला. "भिया, जोडी में डलता है. एक नया एक पुराना डालोगे तो गाड़ी लंगड़ाएगी." स्प्रिंगा नव्या घेण्याइतकी ऐपत गाडीची उरलेली नव्हती, म्हणून वेटोळ्यांत बसवायचे दोन बफर घेतले. स्प्रिंग जरा ताठ होते, गाडी जरा उंच. मानेखाली उशी घ्यावी तसा प्रकार.

रविवारी पहाटे सहाला सुरुवात केली. मी जॅकखाली विटा रचणार तेवढ्यात काका पायजम्यातच धावत आले. "विटेचा भुगा होतो रे! आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरलास तर तुझ्या बायकोला काय सांगू मी?" त्यांनी आपल्या गॅरेजातून दोन घोड्या, म्हणजे गाडीला टेकू देणारे लोखंडी स्टँड, आणले. पुढच्या चाकांना अडण लावली, गाडी मागून घोड्यांवर चढवली, चाकं काढली.

शॉकअपचा खालचा नट सतरा नंबरचा. चौदा पावसाळे पचवून तो नट न राहता गाडीचा अवयव झाला होता. गंज सोडवणारा स्प्रे मारला, वाट पाहिली, पाना लावला, लोंबकळलो. व्हिडिओत या जागी नेमकी कात्री लागते: आधी पाना लावलेला हात, मग सुटलेला नट. मधली चाळीस मिनिटं कुणी दाखवत नाही. काका म्हणाले, "जुनीच रीत आहे. शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम १६७६ साली छापला तो अक्षरं विस्कटून, आणि उलगडा केला १६७८ला." माझा उलगडा पाण्याच्या नळाच्या दोन फुटी पाइपाने केला. पान्याच्या दांड्यावर तो चढवून ओढला तेव्हा जो आवाज झाला, त्याने बायको गॅलरीत आली. नट सुटल्याचा होता, पण माझ्या खांद्याचाही असू शकला असता.

इतक्यात कचरागाडी आली, गाणं वाजवत. गल्ली अरुंद, आमची गाडी अर्धी रस्त्यात, तीही घोड्यांवर. २०१७पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलेलं शहर माझ्या दोन चाकांपाशी अडून उभं राहिलं. मी हातातला तेल गाळणारा जुना शॉकअप पुढे केला. कचरागाडीवरच्या ताईंनी सहाही कप्प्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भैया, ये किसमें डालूँ?" ओला म्हणावा तर ओला होताच. शेवटी काका म्हणाले, भंगारवाल्याला दे. गाडी मागे मागे जात, गाणं वाजवत, दुसऱ्या गल्लीला वळली. दोन्ही गॅलऱ्या हसत होत्या.

नवा शॉकअप गॅसचा. दांडा आत दाबून पट्टीने बांधलेला येतो, बसवल्यावर पट्टी कापायची. मी आधी कापली. दांडा बाहेर येऊ लागला, सावकाश, कुणालाही न जुमानता, जावई ताटावरून उठतो तसा. मग मुलगा आणि मी त्याला फरशीवर उभा धरून छातीने दाबत राहिलो. तो आत जायचा, आम्ही श्वास घेतला की बाहेर यायचा. बफर मात्र साबणाच्या पाण्यात बुडवून वेटोळ्यांत सरकवले, ते मुकाट्याने गेले. दिवसभरात माझं ऐकणारे तेवढे दोघेच.

साडेअकराला सगळं आवळून मी पोहे मागवले, वर शेव आणि जीरावन मसाला. पहिला घास तोंडात, तोच काकांनी विचारलं, "शॉकअपचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकवून आवळलेस की अधांतरीच?"

अधांतरीच. लोंबकळत्या अवस्थेत आवळलं तर गाडी खाली आल्यावर बोल्टभोवतीच्या बुशचं रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. म्हणजे बोल्ट पुन्हा ढिले करा, चाकं लावा, गाडी उतरवा, वजन चाकांवर येऊ द्या आणि मग खाली सरपटत जाऊन आवळा. पोह्यांतल्या शेवेचा कुरकुरीतपणा तेवढ्यात गेला.

गाडी मात्र मागून दोन बोटं वर आली. रात्री दिवे लावले तर समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड रस्त्यावर पडला. दाबून सोडली, एकदा वर आली आणि गप्प बसली. मी बायकोला घेऊन सराफ्याला खायला निघालो. पहिल्याच खड्ड्यात आमची डोकी छताला लागली. रिकाम्या गाडीला बफर जरा जास्तच ताठ होतात, हे व्हिडिओवाल्याने सांगितलं नव्हतं. परतताना बायकोने कमरेवर हात ठेवूनच फोन लावला.

"आत्या, पुढच्या रविवारी येताय का? हो हो, डबे सगळेच आणा."