साडेतीनशे रुपयांची शांतता

साडेतीनशे रुपये मोजून मी परवा नागपूरच्या बर्डीवरून एक पेनड्राइव्ह घरी आणला. पेनड्राइव्ह माझाच. आत एक भलीमोठी फाइल आहे आणि त्या फाइलमध्ये काही नाही. अगदीच काही नाही म्हणणं अन्यायाचं होईल. कान लावून बसलं तर भिंतीपलीकडे कुणीतरी गुळण्या करतंय असा आवाज मधूनमधून येतो.

ही फाइल ज्या जुन्या कॅसेटवरून करून घेतली, त्या मूळ कॅसेटवर बुद्धिबळाचा प्रोग्राम आहे. हो, कॅसेटवरच. ऐंशीच्या दशकात फ्लॉपीचा खर्च सगळ्यांना झेपत नसे, म्हणून प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवत. 1984 साली सरकारने शाळांमध्ये कॉम्प्युटर पोचवायची 'क्लास' नावाची योजना काढली आणि त्यातून बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश यंत्र आपल्याकडच्या शाळांत आलं. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं, 1981च्या डिसेंबरात बाजारात उतरलेलं, 32 केबी मेमरीचं. आज माझ्या फोनवर रोज सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या एका फुलाला याहून जास्त जागा लागते. अशाच एका यंत्रावर आठवीत असताना या प्रोग्रामने मला सगळ्या वर्गासमोर हरवलं होतं. हरवणाऱ्याचं नाव तरी कळावं, एवढीच माझी मागणी आहे.

कॅसेटवर नाव नाही. लेबलवर बॉलपेनने 'बुद्धिबळ' आणि मागच्या बाजूला 'नाट्यगीते, आकाशवाणी'. संपलं.

माझा दाट संशय 'व्हाइट नाइट मार्क 11' वर आहे. मार्टिन ब्रायंट नावाच्या गृहस्थांनी तो लिहिला. 1983ची युरोपियन मायक्रोकॉम्प्युटर बुद्धिबळ स्पर्धा त्याने जिंकली आणि त्याच्याच पायावर ब्रायंट यांनी पुढे 'कोलॉसस' उभा केला. तो चांगला गाजला. पण खुद्द एकॉर्नच्याच 'एकॉर्नसॉफ्ट'नेही एक चेस काढला होता, तोही असू शकतो. किंवा तिसराच कुणी. नक्की करायचं तर कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये घेऊन, नकली बीबीसी मायक्रो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला ऐकवायचा. आवाज जशाचा तसा हवा, एवढीच अट.

बर्डीच्या एका गल्लीत 'कॅसेटवरून पेनड्राइव्ह करून मिळेल' अशी पाटी आहे. काउंटरवर विशीतला पोरगा, कानात इयरफोन. त्याला मी स्वच्छ सांगितलं, ''जसं आहे तसं रेकॉर्ड कर. एक अक्षर इकडचं तिकडं नको.'' त्याने मान हलवली. ती मान गाण्यावर हलत होती, हे मला नंतर कळलं.

बाजूच्या स्टुलावर एक काकाजी बसले होते. सफारी, मांडीवर पिशवी, पिशवीत त्यांच्या भजनी मंडळाची कॅसेट. पोराने माझी कॅसेट डेकमध्ये घातली, स्पीकर चालूच होता, आणि बटण दाबलं.

ट्यूऽऽऽऽऽ. मग खर्रर्रर्र. मग परत ट्यूऽऽऽ.

समोरच्या पानठेल्यावरची दोन माणसं वळून पाहायला लागली. काकाजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले, पण उठले नाहीत.

''काय लावलं हो हे?''

''प्रोग्राम आहे काकाजी. बुद्धिबळाचा.''

''बुद्धिबळाची कॉमेंट्री?''

''कॉमेंट्री नाही. हा आवाजच प्रोग्राम आहे.''

काकाजींनी कानांवरचे हात काढून नीट ऐकलं. बारकाईने, मान तिरपी करून, सम शोधत असल्यासारखं. मग निकाल दिला. ''टेप उलटी गुंडाळली गेली हो तुमची. माह्या साडूच्या लग्नाच्या कॅसेटचं असंच झालं होतं.''

मी समजावायला गेलो. म्हटलं, यात फक्त दोन सूर आहेत. 2400 हर्ट्झचा म्हणजे एक, 1200चा म्हणजे शून्य. सेकंदाला बाराशे आकडे. कॉम्प्युटर ते ऐकतो आणि त्यातून प्रोग्राम जुळवतो.

''दोनच सूर?''

''दोनच.''

''अन् तबला?''

''नाही.''

''मंग काहून ऐकून राहिले बाप्पा?''

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. तेवढ्यात काकाजींना आठवलं. ''अन् बुद्धिबळच पाह्यचं असंल तर आपल्या दिव्याचं पहा ना! पोरीनं तिकडे जॉर्जियात वर्ल्ड कप मारला, कोनेरू हम्पीला हरवलं, ग्रँडमास्टर झाली. नागपूरची पोट्टी! तो रौनक साधवानी तेरा वर्षांचा होता ग्रँडमास्टर झाला तेव्हा. अन् तुम्ही चाळीस वर्षं जुनी शिट्टी घेऊन फिरून राहिले.''

दिव्या देशमुखच्या 2025च्या विजयाचा मला काकाजींइतकाच अभिमान आहे. पण तिच्या हातून हरणं वेगळं आणि 32 केबीच्या डब्याकडून हरणं वेगळं. डब्याला नाव असतं तर लाज जरा विभागली गेली असती. हे मी बोललो नाही, कारण काकाजी आता पोराकडे वळले होते.

''बेटा, माह्या कॅसेटमधला तो खोकणारा कसा काढला तू? तसा यांचाही नॉईज काढून दे. लय आहे बिचाऱ्यांच्यात.''

''नको!'' मी ओरडलो. पण स्पीकरमधून खर्रर्र चालू होतं आणि पोराच्या कानात इयरफोन. काकाजींनी माझ्या हातावर थोपटलं. ''त्याचे वेगळे पैसे घेत नाही तो.'' घेतले. वेगळे शंभर.

पोराने काय केलं ते नंतर माझ्या लक्षात आलं. अशा कॅसेटवर प्रोग्रामच्या सुरुवातीला काही सेकंद नुसती 2400ची सपाट शिट्टी असते, मशीनने सावध व्हावं म्हणून. पोराने तेवढा तुकडा निवडून सॉफ्टवेअरला दाखवला, हा नॉईज, हा सगळीकडून काढ. सॉफ्टवेअर आज्ञाधारक. प्रोग्राममधले सगळे एक गेले, मागे उरली शून्यं. वर पोराने स्वतःच्या बुद्धीने थोडा बास वाढवला.

''आता ऐका,'' म्हणाला. शांतता. काकाजी खुश. ''पहा! एकदम क्लीन!''

मी पैशांवरून वाद घालायला लागलो तर काकाजी त्याच्या बाजूने. ''मेहनत केली ना पोरानं.'' त्या दुकानात मेहनतीचं नाव निघालं म्हणून सांगतो. 1952 साली कॉम्प्युटरशास्त्राचा पाया घालणाऱ्या अॅलन ट्युरिंगने स्वतःचा बुद्धिबळाचा प्रोग्राम चालवायला यंत्र मिळेना तेव्हा कागदावर हाताने चालवला. एकेका खेळीला अर्धा अर्धा तास. समोर त्याचा सहकारी अॅलिक ग्लेनी, आणि 29 खेळ्यांत ट्युरिंगचा कागद हरला. ही मेहनत. डेव्हिड हॉर्नने झेडएक्स 81 या यंत्रासाठी 672 बाइट्समध्ये बुद्धिबळ बसवलं. त्यात किल्लेकोट नाही, प्याद्याचा वजीर होत नाही, पण समोरचा खेळतो. हीही मेहनत. माऊसने तुकडा निवडून डिलीट मारणे ही मेहनत असेल तर आमच्या घरी मीच ट्युरिंग.

खरी चीड त्या पोरावर नाहीच. हा प्रोग्राम ज्याने कुणी लिहिला, त्याने रात्री जागवून एकेक बाइट वाचवला असणार. मग त्याची कॉपी झाली. कॉपीची कॉपी झाली. आपल्याकडे येईपर्यंत पहिल्यांदा गळालं ते लिहिणाऱ्याचं नाव, आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. आम्ही पोरं तर 'चेस लाव' म्हणायचो. कोणता चेस, कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. नाट्यगीतांच्या बाजूवरही गायकाचं नाव नाही, घ्या! या खेळाच्या दुनियेत नाव किती महागात पडतं ते 'रिब्का' नावाच्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामला विचारा. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधला कोड उचलल्याचा ठपका ठेवून 2011 साली त्याची जगज्जेतेपदं काढून घेतली. तिथे निदान कुणी बसून ओळी ताडून पाहिल्या. इथे ताडायला लेबलवर तीन शब्द, त्यातही एक शब्द रेडिओचा.

शेवटी महाल भागातल्या मावसभावाकडून जुना टू-इन-वन आणला, हेडफोनच्या भोकातून वायर थेट लॅपटॉपला जोडली आणि कुणालाही नॉईज काढू दिला नाही. नकली बीबीसी मायक्रो जागा झाला. 'सर्चिंग' आलं. मग 'लोडिंग', आणि पुढे फाइलचं नाव, खुद्द टेपमध्ये कोरलेलं, ज्याची मी इतकी वर्षं वाट पाहत होतो:

गेम2.

कॉपी करणाऱ्याने नाव बदलून सेव्ह केलं होतं. त्याच्या पुढे ब्लॉकचे आकडे सरकत गेले, सरकत गेले, आणि एका ठिकाणी थांबून पडद्यावर आलं, 'डेटा?' आणि 'रिवाइंड टेप'. तीच तेवढी जागा दरवेळी अडते. टू-इन-वनचं हेड पुसलं, टेप पुढेमागे केली, आवाज कमीजास्त केला. 'डेटा?' प्रश्नचिन्हासकट. मलाच विचारतो.

काल काकाजींचा फोन आला. त्या दिवशी दुकानातल्या पावतीवरून त्यांनी माझा नंबर टिपून घेतला होता, विचारून नव्हे.

''भाऊ, तुमच्या त्या कॅसेटच्या मागच्या बाजूला नाट्यगीतं होती ना? आमच्या मंडळाले हवी होती. पाठवून द्या ना.''

''काकाजी,'' मी म्हटलं, ''त्या बाजूला फार नॉईज आहे.''

''मंग त्या पोराकडे द्या ना बाप्पा,'' काकाजी म्हणाले. ''तो काढून देते.''