पोरसला खोट्या विजयाची गरज नाही

‘इ.स.पू. 326 मध्ये पोरसने अलेक्झांडरला हरवले. त्याचे अर्धे सैन्य झेलमच्या पुरात बुडाले, उरलेले हत्तींनी तुडवले, तो तिथूनच मायदेशी पळाला आणि ग्रीकांनी विजयाची खोटी कथा रचली.’ हा मजकूर वर्षानुवर्षे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. झेलमपलीकडच्या पंजाबातल्या राजा पोरसबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हा मजकूर खटकतो. पोरसने खरोखर जे केले, ते त्यात कुठेच नाही.

आधी नदी. पावसाने आणि वितळलेल्या बर्फाने झेलम फुगली होती, हे खरे. पलीकडे पोरसचे हत्ती उभे होते. हत्ती पाहून घोडे बुजतात, तेव्हा समोरून उतरणे शक्य नाही हे अलेक्झांडरने ओळखले होते. सिंधूवरच्या होड्या सुट्या करून, लहानांचे दोन आणि मोठ्यांचे तीन भाग करून, त्याने गाड्यांवर लादून आणवल्या. मग रात्रीमागून रात्री घोडदळ काठाने पळवायचे, रणघोष करायचा. पोरस सुरुवातीला दर वेळी हत्ती घेऊन समोर येई. पुढे या हुलकावण्यांना त्याने दाद देणे सोडले. अलेक्झांडरला नेमके तेच हवे होते. आपला सेनापती क्रेटेरस याला छावणीत ठेवून अलेक्झांडर सुमारे 27 किलोमीटर वरच्या अंगाला गेला आणि वादळी पावसाच्या रात्री, झाडीने झाकलेल्या बेटाच्या आडून, होड्यांवरून आणि गवत भरलेल्या कातड्यांवरून उतरला. ज्याला पैलतीर समजले तेही बेटच निघाले! पुढचा फाटा पायदळाने छातीभर पाण्यातून पार केला, घोड्यांची तर डोकीच तेवढी वर होती. प्राचीन ग्रीक इतिहासकार एरियनच्या मते पार झालेले सैन्य सुमारे 5000 स्वार आणि 6000 पायदळ. काही धाडसी तरुण प्रवाहात वाहून गेल्याचे रोमन इतिहासकार कर्टिअस सांगतो. अर्धे सैन्य बुडाल्याचे एकाही प्राचीन इतिहासकाराने लिहिलेले नाही. उलट पाऊस पोरसलाच नडला. त्याच्या मुलाने अडवायला आणलेले रथ चिखलात रुतले आणि तो मुलगा तिथेच मारला गेला.

हत्तींनी अलेक्झांडरचे मॅसेडोनियन सैनिक तुडवले, हेही खरे. पण चहूकडून कोंडी झाल्यावर जखमी हत्तींनी आपलेच लोकही तुडवले.

‘तिथूनच पळाला’ हे साफ चूक. झेलमनंतर अलेक्झांडरने चिनाब ओलांडली, रावी ओलांडली, सांगला हे तटबंदीचे शहर जिंकले. सांगल्याच्या वेढ्यात त्याच्या मदतीला हत्ती आणि सुमारे 5000 सैनिक घेऊन कोण आले? स्वतः पोरस. माघार झाली ती बियासच्या काठी, सैनिकांनी पुढे जायला नकार दिल्यावर. पोरसशी झालेल्या लढाईने त्यांची उमेद खचली होती, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. त्या माघारीत पोरसचा हा वाटा मोठा आहे.

अलेक्झांडरने राज्य परत दिले म्हणून पोरस जिंकला, असाही युक्तिवाद होतो. पण तक्षशिलेच्या अंभीचे राज्यही त्याच्याकडेच राहू दिले होते, आणि तो तर न लढताच शरण आला होता. जिंकलेला मुलुख स्थानिक राजांकरवी सांभाळायचा, ही अलेक्झांडरची रीत होती. पोरसला जास्तीचा प्रदेशही मिळाला, तो मांडलिक म्हणून.

राहिला ‘ग्रीकांच्या खोटेपणा’चा मुद्दा. आकडे त्यांनी आपल्या बाजूने वाकवले असणार, यात मला शंका नाही. एरियन अलेक्झांडरचे जेमतेम तीनशे लोक पडल्याचे सांगतो, दुसरा ग्रीक इतिहासकार डायोडोरस जवळपास हजार. पण बियासकाठचा नकार याच लेखकांनी नोंदवला आहे. आणि भारतीय ग्रंथांत या लढाईचा उल्लेखच नाही. पोरसचे शौर्य कळते तेही याच लेखकांकडून. सैन्य मोडल्यावरही पोरस हत्तीवरून लढत राहिला, उजव्या खांद्याला जखम झाली तरी, आणि शरण ये म्हणून निरोप घेऊन आलेल्या अंभीवर त्याने भाला उगारला. इराणचा सम्राट दरायस याच्यासारखा तो पळाला नाही, हे एरियन मुद्दाम लिहितो. ग्रीकांचे लिखाण फेकून दिले, तर हा पोरसही आपल्याला उरत नाही.