पाचशेपैकी सव्वापाचशे

लेकीला दहावीत 525 मार्क पडले. कोल्हापूरच्या आत्यांना फोनवर सांगितलं, तर पलीकडून आवाजच बंद. मग दबक्या सुरात, "अगं, पाचशेपैकी सव्वापाचशे?"

तिकडे महाराष्ट्रात सहातल्या चांगल्या पाच विषयांचे टक्के काढतात, 500 वर. आमची कर्नाटकातली दहावी, म्हणजे एसएसएलसी, 625 ची, कारण पहिल्या भाषेलाच 125. म्हणून बेळगावात मार्क सांगायची पद्धत. एका मार्काला 0.16 टक्के. 84 टक्के म्हटल्यावर आत्यांचा जीव भांड्यात पडला. पण 105 वरून 84 वर आल्यावर घसरण 21 टक्क्यांची की 20, यावर घरात वाद पेटला. (हिशेब दोन्ही बरोबर. टक्क्यांचं हेच वाईट.)

पुढं लेकीनं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं. 10 टक्के साखरेचं द्रावण करायचं म्हणून तिनं 100 ग्रॅम पाण्यात 10 ग्रॅम साखर घेतली. पुस्तक म्हणतं, हे 9.09 टक्के. "मम्मी, उरलेली साखर कुठं गेली?"

चिकोडीहून आलेले माझे सासरे, अण्णा, पेपर वाचत बसले होते. जन्म उसात गेलेला. म्हणाले, "रिकव्हरी सव्वादहा म्हणजे शंभर किलो उसात सव्वादहा किलो साखर. उसात! उसाबरोबर न्हवं." लेकीनं मुकाट्यानं 90 ग्रॅम पाणी घेतलं.

मग आला ग्राफ. 100 ग्रॅम पाण्यात कुठल्या तापमानाला किती क्षार विरघळतो, त्याचा तक्ता दिलेला. मीठ भलतंच आळशी: शून्य अंशाला 36 ग्रॅमच्या आसपास, पाणी उकळलं तरी 39. पोटॅशियम नायट्रेट मात्र 13 वरून थेट 245 च्या घरात. मिठाची रेघ जराशी तरी चढलेली दिसावी म्हणून लेकीनं एका सेंटिमीटरला 2 ग्रॅम धरले. त्या मापानं नायट्रेटला चार फूट उंच कागद लागला असता. 'योग्य प्रमाण घ्या' असं प्रश्नात लिहिलेलं असतं. कुणाच्या दृष्टीनं योग्य, ते लिहिलेलं नसतं.

अण्णांनी पोटॅशियम नायट्रेटचं नाव वाचलं. "हे तर आमचं खत, तेरा-शून्य-पंचेचाळीस! ठिबकातनं सोडतो की."

"म्हणजे काय हो आजोबा?"

"तेरा टक्के नत्र, स्फुरद शून्य, पंचेचाळीस टक्के पालाश."

लेकीनं कॅल्क्युलेटर ओढला. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण ती आता थांबणार नव्हती. "आजोबा, पालाश मोजताना पोटॅशियम ऑक्साईड धरतात. ते पोत्यात नसतंच, नुसतं हिशेबाला. खरं पोटॅशियम भरतंय 37 टक्के."

अण्णांचा चष्मा नाकावर आला. आठ टक्के! त्यांनी खतवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

"अण्णा, पोत्यावर छापलंय तेच देतो की आम्ही."

"छापलंय," अण्णा ओरडले, "खरं आत न्हाई!"