टर्मिनल सजवा, काम काय होतच राहील

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची ती काळी खिडकी, काम करायला असतं. काम काय, कोणीही करतं.

सुरुवात शेल, म्हणजे त्या कमांड समजून चालवणारा प्रोग्राम, बदलण्यापासून. बॅश 1989 चा, म्हणजे म्हातारा झाला, तेव्हा झी-शेल घ्या, तो 1990 चा, एकदम तरुण. मॅकवाल्यांना तर ॲपलनेच 2019 मध्ये मॅकओएस कॅटालिनापासून तो डिफॉल्ट करून दिलाय. बॅश 4 पासून जीपीएल 3 (कोड खुला ठेवायच्या कडक अटींचं) लायसन्स आलं आणि ॲपल 3.2 वरच बसून राहिलं, पण हे चारचौघांत सांगू नका, 'झी-शेल लई पॉवरफुल आहे' एवढंच सांगा.

मग ओह-माय-झेडएसएच, म्हणजे झी-शेल सजवायचं थीम-प्लगिनचं गाठोडं. त्याची इन्स्टॉल करायची कमांड नेटवरून स्क्रिप्ट खेचते आणि थेट शेलमध्ये ओतते, ती न वाचता एंटर मारा. अनोळखी लिंक उघडू नका हे आपण आईबाबांना सांगतो, ते नियम त्यांच्यासाठी आहेत. प्लगिन सगळेच चालू करा, डॉकर येत नसलं तरी डॉकरचा. सोबत एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं) आणि कोंडा (पायथनसाठी तसंच) प्रोफाइलमध्ये, म्हणजे शेल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंग्जमध्ये, आपापल्या ओळी टाकून जातातच. नवी विंडो उघडून प्रॉम्प्ट (जिथे कमांड टाइप करतात ती ओळ) यायच्या आत चहाचा घोट घेता आला की समजा प्रोफाइल मुरलं.

प्रॉम्प्टमध्ये गिट ब्रांच, नोड व्हर्जन, बॅटरी आणि वेळ पाहिजेच. वेळ स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसते हे मान्य, पण ती रंगीत नसते ना. नर्ड फॉन्ट टाकायला विसरलात तर आयकॉनच्या जागी चौकोन दिसतील, दिसू द्या, मिनिमल म्हणून खपतं.

आता खरी मजा, कुठली ओळ कुठल्या फाइलमध्ये. बॅश वापरत असाल तर लॉगिन शेल बॅश-प्रोफाइल वाचतो, साधा इंटरॅक्टिव्ह शेल बॅशआरसी वाचतो, लिनक्सवर टर्मिनल उघडलं की बहुतेक वेळा दुसरा आणि मॅकवर पहिला, आणि बॅश-प्रोफाइल असली की नुसत्या प्रोफाइल नावाच्या फाइलकडे तो ढुंकूनही बघत नाही. हे समजून घेण्यात आयुष्य कशाला घालवता? तीच ओळ तिन्हीकडे टाका. पाथमध्ये, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीत, एकच फोल्डर पाचदा येईल, येऊ दे, पाथ काय भरून वाहत नाही. फक्त एखाद्या दिवशी पाथ सेट करताना जुना पाथ त्यात जोडायचा राहिला की फाइल्स दाखवणारी साधी एलएस कमांड पण सापडत नाही, मग पूर्ण पत्ता टाकून एलएस चालवायचा आणि शेजारच्याला म्हणायचं, 'अरे, मी असंच वापरतो.'

शेल उघडताना स्वागताला काउसे या प्रोग्रामची अक्षरांनी काढलेली गाय ठेवा. सर्व्हरवरच्या बॅशआरसीतही ठेवा, फक्त इंटरॅक्टिव्ह शेल (समोर माणूस टाइप करतोय असा) असेल तरच दाखव वगैरे अटी न घालता. मग एससीपीने फाइल पाठवली की ती जात नाही, कारण पलीकडून प्रोटोकॉलचं उत्तर अपेक्षित असतं आणि येते गाय. आख्खी टीम नेटवर्कवाल्यांना शिव्या घालते, तुम्हीही घाला, उठून दिसायला नको.

एलियस, म्हणजे कमांडची टोपणनावं, तर पाहिजेतच. फाइल डिलीट करणाऱ्या आरएम कमांडला एलियसने आधी विचारून डिलीट करायची सवय लावा, म्हणजे जिथे तुमची प्रोफाइल नाही अशा प्रॉडक्शन सर्व्हरवर तुम्ही बिनधास्त एंटर माराल आणि तो काहीच विचारणार नाही.

शेवटी सगळ्या डॉटफाइल्स, म्हणजे या सेटिंग्जच्या फाइल्स, गिटहबवर पब्लिक टाका, एपीआय कीसकट (म्हणजे सेवांच्या गुप्त किल्ल्यांसकट). कोणी टोकलंच तर ती की काढून नवी कमिट मारा, जुनी हिस्टरी कोण बघतंय? अशा की शोधणारे बॉट बघतात म्हणे, पण त्यांनाही चांगली थीम बघायचा हक्क आहे.