बारा ब्लॉक आणि ४७ कोटी मांडण्या

गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या फार धूर्त होत्या, असे माझे आताशा ठाम मत झाले आहे. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, कडेने धावदोरा घालायला घ्यायचा आणि मध्यापर्यंत पोचेस्तोवर सगळ्या भाऊबंदकीचा समाचार घेऊन टाकायचा. कुठले ठिगळ कुठे बसवायचे हा प्रश्न त्यांनी हाताला येईल त्या चिंधीवर सोपवलेला होता. मी शिवायला घेतलेल्या सॅम्पलर क्विल्ट या विलायती गोधडीच्या प्रकारात अशी मुभा नाही. त्यातला प्रत्येक ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला चौकोन, वेगळ्या नमुन्याचा, जसे एक नाइन पॅच, एक लॉग केबिन, एक ओहायो स्टार, एक पिनव्हील असा असावा लागतो, आणि तरीही सगळे ब्लॉक एकाच मापाचे भरावे लागतात.

हा मापाचा कारभार सांगितल्याशिवाय माझ्या छळाची कल्पना यायची नाही. जोडून झाल्यावर बारा इंच दिसणारा ब्लॉक सुटा असताना साडेबारा इंचांचा असावा लागतो, कारण चारही बाजूंना पाव इंच, म्हणजे आपल्या शिंप्यांच्या हिशोबाने दोन सूत, माया सोडलेली असते. ब्लाउजला आपल्याकडे बोटभर माया सोडतात आणि दिवाळीचा फराळ संपला की तिचे महत्त्व सर्वांनाच पटते. क्विल्टमध्ये मात्र माया सांगितली तेवढीच. शिलाई अर्धे सूत आत सरकली, तर दोन्ही तुकड्यांचे मिळून प्रत्येक सांध्यावर एक सूत कापड गडप होते. तीन-तीनच्या ओळींत नऊ चौकोन असलेल्या नाइन पॅचला एका ओळीत दोनच सांधे असल्यामुळे तो पाव इंच आखूड होऊन भागते. पण मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यांच्या पाच फेऱ्या घेतलेल्या लॉग केबिनमध्ये दहा सांधे येतात, आणि तो चांगला सव्वा इंच गिळून, वर आपल्याला काही ठाऊकच नाही अशा थाटात टेबलावर पडून राहतो. त्यातही शिवण दुमडताना घडीची जाडी थोडी जागा खाते, म्हणून जाणकारांचा सल्ला असा की शिलाई पाव इंचाहून दोन धागे कमीच घ्यावी. ‘दोन धागे’ मोजून देणारी पट्टी सीताबर्डीच्या एकाही दुकानात मिळत नाही. विचारल्यावर दुकानदार आपल्याकडे बघतो मात्र अगदी सहानुभूतीने.

त्रिकोणांची तऱ्हा आणखी निराळी. पिनव्हीलसाठी दोन रंगांचे चौकोन एकावर एक ठेवायचे, कर्ण आखायचा, कर्णाच्या दोन्ही अंगांना पाव-पाव इंचावर शिलाई मारायची आणि मग कर्णावर कापायचे, की दुरंगी चौकोनांची जोडी हातात येते. मात्र मूळचे चौकोन हव्या त्या मापापेक्षा सात सूत मोठे घ्यावे लागतात. सातच का, सरळ एक इंच का नाही, असे मी सहज विचारले, तर अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या लेकीने पायथागोरसपासून सुरुवात करून दोनाच्या वर्गमुळापर्यंत मजल मारली, आणि तोवर गॅसवरचे दूध उतू गेले. शिवाय तिरपे कापलेले कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या शिस्तीत राहत नाही. त्यावर इस्त्री नेहमीसारखी सरसर फिरवली की ते ताणले जाते. म्हणून इस्त्री टेकवायची, उचलायची आणि पुढे पुन्हा टेकवायची. सांध्यातली माया एका ओळीत डावीकडे वळवली तर पुढच्या ओळीत उजवीकडे वळवायची, म्हणजे सांधे एकमेकांत बरोबर अडकून बसतात. हे सारे मी नागपुरात, ऐन नवतप्यात, पारा ४५ अंशांच्या आगेमागे असताना करत होते, हे नमूद केलेच पाहिजे. ‘‘इतक्या उन्हात गोधडी कायले करून राहिली गं?’’ हा शेजारच्या काकूंचा प्रश्न रास्तच होता, पण इस्त्री हातात असलेल्या बाईला रास्त प्रश्न विचारू नयेत.

एवढे होऊनही मी म्हणेन की ब्लॉक शिवणे सोपे. त्यात चूक की बरोबर हे टेप लावून ठरते, आणि आखूड भरलेल्या ब्लॉकच्या चारही कडांना बारीक पट्टी जोडून तो पुन्हा साडेबारा इंचांवर छाटता येतो. खरा प्रसंग पुढे आहे. बारा ब्लॉक तयार झाले की ते तीन आडवे आणि चार उभे असे मांडून बघायचे असतात, आणि मांडणीला टेप लावता येत नाही.

जाणकार लोक यासाठी भिंतीवर फ्लॅनेल ताणून लावतात. सुती ब्लॉक त्याच्या लवेला टाचणीशिवाय चिकटून राहतात, आणि आपण दूर उभे राहून विचार करू शकतो. मीही दिवाणखान्यात तसे लावले. परंतु हे तंत्र ज्यांनी शोधले त्यांच्या घरी वाळ्याच्या ताट्या लावलेला, खिडकीभर आकाराचा कूलर नसावा. तो सुरू झाला की पहिल्या झोतात बेअर्स पॉ नावाचा ब्लॉक सोफ्यामागे आणि ओहायो स्टार सासऱ्यांच्या ताटात. कूलर बंद करावा तर घरातली माणसे उठून जाणार, आणि खरे सांगायचे तर ती उठून गेली असती तर क्विल्ट लवकर झाली असती.

कारण ब्लॉक मांडणे म्हणजे लग्नाच्या मांडवातला ग्रूप फोटो. गडद रंगाचे दणकट ब्लॉक कोपऱ्यांत उभे केले की चौकट धरून ठेवतात. दोन चांदण्या शेजारी आल्या की एकमेकींवर कुरघोडी करतात. बारीक तुकड्यांच्या गजबजलेल्या ब्लॉकशेजारी एखादा शांत लागतो. आणि अर्धा फिका, अर्धा गडद असलेला लॉग केबिन ज्या दिशेला वळवावा त्या दिशेला सगळ्यांची नजर घेऊन जातो. इतके सांभाळून बसवले की पाणी प्यायला आत जावे, तेवढ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याने एक ब्लॉक हलवलेला असतो. सासूबाई पूजेची फुले घेऊन जाताना थांबत आणि ‘‘हे लाल लाल सगळं एकाच जागी काऊन ठेवलं गं?’’ म्हणून दोन ब्लॉकची अदलाबदल करूनच देवघरात शिरत. घरकामाच्या मावशी केर काढता काढता, ‘‘ताई, हा तिरपा दिसून राहिला,’’ म्हणून ओहायो स्टार सरळ करत. तो आधीपासूनच सरळ होता.

सासऱ्यांची मागणी मात्र तात्त्विक होती. गांधीबागेतून मी आणलेल्या कापडांत त्यांनी आपल्या ट्रंकेतला एक तुकडा भर म्हणून दिला होता. त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते, तिथला तो कोरा तुकडा, आता पिवळसर पडलेला. तो मी नाइन पॅचमध्ये वापरला आणि नाइन पॅच डाव्या कोपऱ्यात लावला. ‘‘१ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेली मिल,’’ ते म्हणाले, ‘‘ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीची सम्राज्ञी झाली, त्या दिवशी. आणि तू तिला कोपरा दिलास? तो तुकडा मधोमध पाहिजे.’’ आता तीन आणि चार अशा मांडणीला मधली उभी ओळ असते, पण मधली आडवी ओळ नसते, त्यामुळे मधोमध असा ब्लॉकच नसतो. हे मी त्यांना बोटांवर, मग कागदावर आणि शेवटी पोळ्यांवर दाखवून दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग एक ओळ वाढवण्याची सूचना केली, म्हणजे माझ्या हिशोबाने आणखी तीन ब्लॉक.

लेकीने मध्ये पडून शास्त्र आणले. बारा ब्लॉक वेगवेगळ्या जागी ४७ कोटी ९० लाख १ हजार ६०० प्रकारांनी मांडता येतात. मिनिटाला एक याप्रमाणे रात्रंदिवस मांडत बसले तरी ९११ वर्षे पुरतात, आणि हे लॉग केबिन न फिरवता. यावर आमचे हे म्हणाले, ‘‘मग चहा टाक.’’ दुसरा उपाय मात्र तिने खरोखर उपयोगाचा सांगितला: मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करून बघायचा. रंग निघून गेले की फिके काय आणि गडद काय तेवढेच उरते. माझा लाल आणि माझा हिरवा, ज्यांच्यासाठी मी इतवारीतल्या दुकानदाराला अख्खी दुपार उभे केले होते, ते दोघे फोटोत एकाच राखाडी रंगाचे निघाले. एवढे मात्र कळले की सगळा गडदपणा उजवीकडे गोळा झाला होता. फोटो खोटे बोलत नसल्यामुळे घरातल्या कोणालाच हरकत घेता आली नाही, आणि त्या अर्ध्या तासाच्या शांततेत मी बाराही ब्लॉकना क्रमांकाच्या चिठ्ठ्या टाचून घेतल्या.

मग दोन-दोन इंचांच्या निळ्या पट्ट्या ब्लॉकच्या मधून आणि कडेने धावल्या. या पट्ट्यांचे उपकार फार मोठे आहेत, कारण एकमेकांचे तोंड न बघणारे ब्लॉक त्यांच्यामुळे अंतर राखून नांदतात. सगळे मिळून ४४ इंच रुंद आणि ५८ इंच लांब असा वरचा थर तयार झाला, आणि अजून कापूस व अस्तर बाकी असतानाच तो कसा दिसतो हे बघायला दिवाणावर अंथरला गेला. एम्प्रेस मिलचा नाइन पॅच मधल्या ओळीत, पण सगळ्यात वर बसला आहे. सासरे सकाळी पेपर वाचायला बसतात तेव्हा तो उशाशी येईल असा थर पसरून घेतात. दुपारी सासूबाई लवंडण्याआधी तो उचलतात, फिरवून टाकतात, आणि मिल पायथ्याशी जाते.