‘एवढ्याशाने काय होतंय?’ हे वाक्य आता पुरे झालं

संताप येतो. दर सणाला, दर वाढदिवसाला, दर रविवारच्या जेवणाला घरातलं कोणी ना कोणी तेच म्हणतं: ‘एवढ्याशाने काय होतंय? पोर आशेने बघतंय, एक घास दे की!’ आणि पोराला सिलिॲक आहे, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतडं बिघडवणारा आजार, म्हणून आईने नको म्हटलं की ती खडूस, तिचं डोकं फिरलंय, तिला इंटरनेटवरचं खूळ लागलंय.

मग हिशोबच करू. एक पोळी साधारण 30 ग्रॅम कणकेची. तेवढ्या कणकेत ग्लुटेन अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 2500 मिलिग्रॅम. सिलिॲक असलेल्याच्या पोटात रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन जात राहिलं तरी आतड्याला इजा होते. 50 मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग. तुमच्या ‘एका घासात’ त्याच्या चौपट असतं. दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत राहा असं डॉक्टर सांगतात, ते एका पोळीचा अडीचशेवा भाग झाला. ताटात सांडलेला चुरा तेवढा सहज भरतो. त्यामुळे ‘एवढंसं’ या मापाला इथे काही अर्थच नाही, आणि हे एकदा सांगून भागत नाही, शंभरदा सांगावं लागतं, तेही स्वतःच्याच माणसांना.

ही ॲलर्जी नाही, अपचन नाही आणि ‘गहू सोसत नाही’ एवढंही नाही. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर चालून जाते. त्या अस्तरावरचे केसांसारखे बारीक अंकुर झडून सपाट होतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं शोषली जातात ती याच अंकुरांतून. म्हणून पोराचं वजन वाढत नाही, उंची अडते, हिमोग्लोबिन लोहाच्या बाटल्या संपवूनही हलत नाही. आणि खरी अडचण अशी की एक घास खाल्ल्यावर पुष्कळ मुलांना त्या दिवशी काहीही होत नाही. ना उलटी, ना पोटदुखी. मग आजी विजयी मुद्रेने सांगते, ‘बघ, काल शिरा दिला, कुठे काय झालं?’ आतड्याच्या आत काय झालं ते आजीला दिसत नाही, आईलाही दिसत नाही. ते पुढच्या रक्ततपासणीत दिसतं, टीटीजीचा, म्हणजे या आजारात रक्तात वाढणाऱ्या अँटिबॉडीचा, आकडा खाली यायला तयार नसतो तेव्हा. पथ्य काटेकोर पाळलं तरी तो आकडा उतरायला कित्येक महिने लागतात, आणि मध्ये एक लग्न आलं की पहिले पाढे पंचावन्न.

‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही.’ होतं. त्या पोराला किडकिडीत म्हणायचे, जंत झालेत म्हणायचे, दृष्ट काढायचे. गव्हाशी संबंध आहे हे जगालाच उशिरा कळलं. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा तुटवडा पडला, तेव्हा हा आजार असलेली मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. डिके नावाच्या तिथल्या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासूनच होता, 1950 साली त्याने तो प्रबंधात मांडला. आणि ‘आमच्या वेळी’ कोकणातून मुंबईत आलेल्या घरांत रोज काय शिजत होतं? तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, भात, मासे. घाटावरच्या घरांत ज्वारी-बाजरी. पोळी सणासुदीची. या पोराला जे हवं आहे ते आपल्याच आजे-पणज्यांच्या चुलीवर होतं. ते रोज करायला सांगितलं की मात्र घराला जड जातं.

खपलीवाल्यांचा तर वेगळाच त्रास. ‘खपली गहू दे, तो पूर्वीचा, पचायला हलका.’ खपली हा गहूच आहे. लोकवन, सिहोर, खपली, सेंद्रिय, दगडी जात्यावरचा, सगळ्यांत ग्लुटेन आहे. मल्टिग्रेन आटा म्हणजे बहुतेक गहूच, वर मूठभर बाकीची धान्यं. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया, सगळा गहू. सातूही नाही, आणि दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीही नाहीत, कारण माल्ट म्हणजे मोड आणलेले जव. भाजल्याने, तळल्याने, आंबवल्याने ग्लुटेन मरत नाही. तो जंतू नाही, प्रथिन आहे.

हे उघड पदार्थ तरी लोकांना पटतात. लपलेला गहू कोणी ऐकूनच घेत नाही. हिंग घ्या. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे थोडा हिंग आणि बाकी डिंक व पीठ, आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं किंवा मैद्याचं. पोरासाठी वेगळं वरण लावलं, तांदूळ वेगळा शिजवला आणि फोडणीत चिमूटभर तोच हिंग टाकला, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणा, आणि घरात एकच हिंग ठेवा. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो, वड्यांच्या पिठात पुष्कळ घरी घालतात. सोया सॉसमध्ये असतो, म्हणजे कोपऱ्यावरचा चायनीज राइसही बाद. बोंबील रव्यात घोळवतात. घरी तांदळाचं पीठ लावा, कुरकुरीतच होतात. गाडीवरचा बटाटावडा बेसनाचा म्हणून पाव काढून पोराच्या हातात ठेवणारे मामा भेटतात. त्याच कढईत समोसे तळलेले असतात, ते मैद्याचे. त्याच तेलात.

गिरणी हा विषय निघाला की तोंडं वाकडी होतात. चाळीखालच्या गिरणीत आधीच्या माणसाचा गहू दळून झाला की त्याच जात्यात तुमची ज्वारी पडते. दगडाच्या खाचांत, पन्हाळीत, पिठाच्या पिशवीत गहू बसलेला असतो. ‘आधी किलोभर तांदूळ दळून घेतो’ असं गिरणीवाला प्रेमाने सांगतो, पण तेवढ्याने ते साफ होत नाही, आणि हवेत तर पीठ उडतच असतं. ज्वारी गोणीतून येते तेव्हाच तिच्यात गव्हाचे दाणे असतात. ती निवडायची, धुवायची, वाळवायची आणि फक्त या पोरासाठी ठेवलेल्या घरघंटीवर दळायची. त्याच घरघंटीवर ‘आज फक्त दोन किलो गहू’ दळले की ती पोराच्या कामाची राहिली नाही. नाहीतर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पाकीट घ्यायचं. त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं असा आपल्याकडे नियम आहे. ते महाग पडतं. महाग पडतं म्हणूनच घरातल्या मोठ्यांनी त्या पाकिटातलं पीठ मासे तळायला उचलू नये, आणि गव्हाच्या डब्यातला चमचा त्यात बुडवू नये.

चमच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण सगळ्यांना तो शिष्टपणा वाटतो. लाकडी पोळपाट-लाटणं आणि पिठाची चाळणी कितीही घासली तरी पीठ निघत नाही. पोराची वेगळी हवीत, आणि तवाही वेगळा. स्टीलचं पातेलं, ताट, वाटी साबणाने नीट घासली की चालते, उगाच सगळं घर दुप्पट करू नका. पण तुपाचा डबा, लोण्याची वाटी, जॅमची बाटली, लोणच्याची बरणी वेगळीच, कारण पोळीचा तुकडा धरलेल्या हाताने त्यात चमचा जातो. पुऱ्या तळलेलं तेल गाळून पोराच्या पापडाला वापरायचं नाही. मुंबईतल्या दहा बाय आठच्या स्वयंपाकघरात वेगळा ओटा कुठून आणणार? नाहीच आणता येत. म्हणून क्रम पाळा: सकाळी ओटा ओल्या फडक्याने पुसून आधी पोराची भाकरी, तिचा डबा बंद, आणि मगच कणीक मळायची. उलटं केलं तर उडालेलं पीठ भाकरीवर बसतं. पोळ्यांच्या मावशी आधीच्या तीन घरच्या पोळ्या लाटून येतात. कणीक नखांत आणि बांगड्यांखाली असते. त्यांना नीट सांगितलं तर त्या हात धुतात. घरच्यांपेक्षा त्या लवकर ऐकतात, हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

आणि भाकरी तुटते, कडक होते, डब्यात पोर खात नाही, ही तक्रार करणाऱ्यांनी उकड काढून बघावी. एक वाटी पाणी मिठासकट उकळा, गॅस बंद करून एक वाटी ज्वारीचं किंवा तांदळाचं पीठ घाला, ढवळून पाच मिनिटं झाका, सोसेल तितकं गरम असतानाच भरपूर मळा. मग ती पोळीसारखी लाटता येते आणि दुपारपर्यंत मऊ राहते. पीठ जुनं असेल तर चिरा पडणारच. पोर भाकरीला कंटाळलं असेल तर धिरडी, घावन, नाचणीची आंबोळी द्या. इडलीचं तयार मिश्रण आणू नका, त्यात गव्हाचा रवा असू शकतो.

सणांचा राग सगळ्यात मोठा. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला की पाप लागतं, असं आत्या आठ वर्षांच्या पोराच्या तोंडावर सांगते. त्या पोराने काय करायचं? देवाला घाबरायचं की आतड्याला? पूजेला पंचामृत असतंच: दूध, दही, तूप, मध, साखर. केळं असतं. तो प्रसादच आहे, तो द्या. शिराच हवा तर सगळ्यांसाठीच तांदळाच्या रव्याचा करा: एक वाटी रवा तुपात मंद भाजून तीन वाट्या गरम दूध-पाणी, झाकून वाफ, मग साखर. गणपतीत उकडीचे मोदक तांदळाचेच. पण कणकेचे तळणीचे मोदक काढलेल्या झाऱ्यानेच ते उचलाल तर ते पोराचे राहिले नाहीत, हे पोराला नाही, मोठ्यांना लक्षात ठेवायचं आहे. होळीला पुरण वेगळ्या वाटीत, पोळी लाटायला घेण्याआधी काढून ठेवा. एवढं करायला दहा मिनिटं लागतात. ‘तिच्या पोरासाठी सगळ्यांनी का?’ हे म्हणायला जितका वेळ लागतो, त्याहून फार जास्त नाही.

शेवटी तपासणीचं. हा आजार घराण्यात चालतो. पोराच्या सख्ख्या भावंडांची आणि आईबापांची टीटीजी तपासणी व्हायला हवी, त्रास नसला तरी. इथे बाबांना वेळ नसतो आणि सासूबाई म्हणतात आमच्याकडे कोणाला नाही. आणि कोणी सुचवतं, ‘महिनाभर गहू बंद करून बघ, मग तपासू.’ तसं अजिबात करू नका. गहू बंद केल्यावर रक्तातला आकडा उतरतो, दुर्बिणीच्या तपासणीतही आतडं सुधारलेलं दिसू शकतं, आणि आजार असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. आधी रक्त द्या, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तोवर गहू चालू ठेवा. या एकाच कामासाठी गव्हाचा आग्रह धरा. नेमका तिथे कोणी धरत नाही.